चार दिवस सासूचे

‘चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे’ ही म्हण आपल्याकडे घरोघर ऐकू येते. ती बहुधा सुनेच्या वतीने उच्चारली जाते. आज तुमचे दिवस आहेत, उद्या आमचे येतील, असा तिचा रोख असतो. परंतु म्हणीच्या पोटात एक निराळाच प्रश्न दडलेला आहे. सुनेचे चार दिवस उजाडले आणि किल्ल्यांचा जुडगा तिच्या कमरेला लागला म्हणजे ती कशी वागते? आपण सोसले ते पुढचीने सोसू नये असे तिला वाटते, की आपण सोसले म्हणून पुढचीनेही सोसलेच पाहिजे असे वाटते? तालमी, गायकांची घराणी, नाटक मंडळ्या, जिथे जिथे एक पिढी दुसरीच्या हाती काही सोपवते, तिथे तिथे हा प्रश्न उभा राहतो. आज मला तो एका अगदी तरुण जगाच्या इतिहासातून मांडायचा आहे. हे जग म्हणजे हौसेने संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्यांचे जग.

पगारासाठी हे काम करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याविषयी मला येथे काही सांगायचे नाही. दिवसाचे काम किंवा अभ्यास आटोपल्यावर, कुणी पै दिली नाही तरी, केवळ आनंदासाठी रात्र रात्र जागणाऱ्या माणसांची ही कथा आहे. गेली काही वर्षे त्यांची जुनी भांडणे वाचण्याचा मला नाद लागला आहे. पेशवे दफ्तरातले रुमाल सोडून बसणाऱ्याला जो आनंद होतो, तोच येथे होतो. आणि एक सोय अधिक आहे. ही मंडळी समोरासमोर क्वचित भेटत. त्यांचे प्रेम, मत्सर, उपदेश आणि शिव्या सारे लिहूनच चाले. त्यामुळे कोण कोणास काय म्हणाले, हे तारीखवार पाहता येते.

या जगाचे एक मूळ स्थान अमेरिकेत केंब्रिज येथील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत, आणि तेही खेळण्यातल्या आगगाड्यांच्या एका क्लबात सापडते. हा क्लब १९४६ साली निघाला. त्यातील काही मुलांना गाड्यांपेक्षा रुळांखालच्या तारांच्या जंजाळात अधिक गोडी होती. १९५८ साली ‘टीएक्स-०’ नावाचा संगणक संस्थेत आला, तेव्हा हीच मुले रात्री-बेरात्री त्याच्याभोवती घोटाळू लागली. ‘हॅकर’ हा शब्द आज चोराला लावला जातो. तो या मुलांच्या बोलीत वाढला, आणि तेव्हा त्याचा अर्थ यंत्रात जीव रमलेला कारागीर असा होता. या घोळक्यात पीटर डॉइश नावाचा एक शाळकरी पोरगा येऊ लागला. वय सुमारे बारा वर्षे; वडील त्याच संस्थेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. तो मोठ्यांचे प्रोग्राम वाची आणि त्यांतील चुका तोंडावर सांगे. पदवीनंतरचे शिक्षण घेणाऱ्या काहींना हा कारटा डोळ्यांसमोर नकोसा वाटे. आगगाडीवाल्या मुलांनी मात्र त्याला आपल्यात घेतले. शाळकरी वयातच त्याने ‘पीडीपी-१’ या पुढच्या संगणकासाठी ‘लिस्प’ ही भाषा बसवून दाखवली.

या जगाचा मूळ धर्म येथे दिसतो. माणसाचे वय पाहू नये, पदवी पाहू नये, हातचे काम पाहावे. धर्म उदात्त आहे यात शंका नाही. बारा वर्षांच्या मुलाला पंचविशीतल्या माणसाच्या पंक्तीला बसवणारा समाज कुठे सहज मिळतो? पण त्याची दुसरी बाजूही आहे. जो केवळ काम पाहतो, त्याला पुष्कळदा काम करणारा दिसेनासा होतो.

आरंभी माणसे थोडी होती तोवर ही दुसरी बाजू झाकलेली राहिली. १९७८ च्या जानेवारीत शिकागो शहरावर मोठे हिमवादळ आले. त्यात घरी अडकून पडलेल्या वॉर्ड क्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस या दोघा हौशी मित्रांनी टेलिफोनवरून चालणारा एक सूचनाफलक तयार केला. १६ फेब्रुवारी १९७८ रोजी तो सुरू झाला. एका वेळी एकानेच फोन लावायचा, निरोप वाचायचे, आपला लिहायचा आणि दुसऱ्यासाठी फोन मोकळा करायचा. पुढच्या वर्षी ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांना ‘यूजनेट’ची कल्पना सुचली, आणि १९८० पासून विद्यापीठा-विद्यापीठांतील संगणक एकमेकांकडे निरोप पोहोचवू लागले. विषयवार चर्चागट झाले. हजारो मैलांवरची माणसे एका ओसरीवर बसून गप्पा मारू लागली.

या ओसरीला सप्टेंबर महिन्याचा मोठा त्रास होता. अमेरिकेतील विद्यापीठांचे वर्ष त्या सुमारास सुरू होते. नव्या विद्यार्थ्यांना यूजनेट हाती मिळे, आणि आपल्याकडच्या वसतिगृहात जून महिन्यात जो गोंधळ होतो तोच तिथे होई. नवखी मुले भलत्या ठिकाणी भलते प्रश्न विचारत, शंभरदा दिलेली उत्तरे पुन्हा मागत, थोरामोठ्यांशी वाद घालत. जुनी मंडळी कधी समजावत, कधी दटावत. थोड्या आठवड्यांत मुले वळणावर येत आणि ओसरी पुन्हा शांत होई. मात्र १९९३-९४ च्या सुमारास ‘अमेरिका ऑनलाइन’सारख्या कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना यूजनेटचा दरवाजा उघडून दिला. आता नवखे वर्षातून एकदा येईनात, रोजच येऊ लागले. जुन्यांनी या काळाला नाव दिले, ‘कधीच न संपणारा सप्टेंबर’.

जुन्यांची तक्रार खोटी होती असे मी म्हणणार नाही. आल्या-गेल्याला तीच गोष्ट हजारदा सांगायची म्हणजे कीर्तनकाराचाही धीर सुटेल. प्रश्न आहे तो या तक्रारीवर त्यांनी काय उपाय शोधला याचा. उपाय दोन निघाले आणि दोन्ही आजतागायत चालू आहेत. पहिला उपाय चार अक्षरांचा. ‘आरटीएफएम’. त्याचा अर्थ ‘पुस्तिका वाच’ असा आहे, आणि त्या चारांतले एक अक्षर शिवीचे आहे. दुसरा उपाय कष्टाचा. कुणीतरी एखाद्या रात्री बसून नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची यादी करी, प्रत्येकाचे उत्तर सोप्या भाषेत लिही, दर महिन्याला ती यादी पुन्हा चर्चागटात लावी आणि चुका दुरुस्त करीत राही. अशा याद्या आज बँकेपासून रेल्वेपर्यंत सर्वांकडे असतात. यूजनेटवर त्यांची प्रथा पडली ती नवख्यांना हाकलण्याऐवजी त्यांना वाट दाखवावी असे वाटणाऱ्या, आज बहुतेकांना नावही ठाऊक नसलेल्या माणसांमुळे. दोन्ही उपायांचा जन्म एकाच वैतागातून झाला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

आता मुख्य भांडणाकडे वळतो.

हेलसिंकी विद्यापीठातील संख्याशास्त्राचे प्राध्यापक लिओ टर्नक्विस्ट यांनी १९८०-८१ च्या सुमारास ‘व्हिक-२०’ नावाचा छोटा घरगुती संगणक विकत घेतला. नातवाला मांडीवर बसवून ते त्याच्याकडून त्यावर प्रोग्राम टाइप करून घेत. हा नातू म्हणजे लिनस टोरवाल्ड्स. आजोबा थोड्याच वर्षांत वारले. नातवाचा नाद राहिला. १९९१ साली त्याने हप्त्यांवर एक नवा संगणक घेतला आणि त्यासाठी स्वतःची ऑपरेटिंग सिस्टीम लिहायला घेतली. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे संगणकाच्या घरातली कारभारीण. कुणाला किती जागा, कुणाची पाळी केव्हा, हे सारे ती ठरवते. २५ ऑगस्ट १९९१ रोजी या एकवीस वर्षांच्या मुलाने यूजनेटवर जाहीर केले, की आपण असे काही करीत आहो. हा निव्वळ छंद आहे, मोठे काही होणार नाही. पुढे या प्रोग्रामाला ‘लिनक्स’ हे नाव मिळाले.

ही घोषणा त्याने ज्या चर्चागटात केली, ते घर दुसऱ्याचे होते. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅननबाम यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी ‘मिनिक्स’ नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहून १९८७ साली पुस्तकाबरोबर प्रसिद्ध केली होती. टोरवाल्ड्स ते पुस्तक वाचूनच शिकला. जगभरचे हौशी मिनिक्समध्ये सुधारणा करून पाठवत. प्राध्यापक त्या बहुधा नाकारत, कारण सत्रभरात शिकवून होईल एवढेच तिचे आकारमान त्यांना हवे होते. शिक्षकाच्या दृष्टीने हे योग्यच होते. पोरांना मात्र घर अपुरे पडू लागले, आणि मिनिक्सच्याच ओसरीवर लिनक्सच्या गप्पा वाढू लागल्या.

२९ जानेवारी १९९२ रोजी प्राध्यापकांनी तोंड उघडले. लिनक्स ही कालबाह्य वस्तू आहे, असा मथळाच त्यांनी दिला. वाद खरोखर शास्त्रीय होता. कारभाराची कामे वेगवेगळ्या लहान प्रोग्रामांत विभागावी, म्हणजे एक कोलमडला तरी बाकीचे चालू राहतील, असे टॅननबाम यांचे मत. सारे एकाच मोठ्या प्रोग्रामात ठेवले तर काम झपाट्याने होते, असा टोरवाल्ड्सचा अनुभव. आपल्या भाषेत सांगायचे तर प्राध्यापक वेगळ्या चुलींच्या बाजूचे होते आणि पोरगा एकत्र कुटुंबाच्या! शिवाय लिनक्स एकाच जातीच्या यंत्राला जखडलेली आहे, असाही आक्षेप होता. तू माझा विद्यार्थी नाहीस हे तुझे नशीब, या रचनेला मी चांगले गुण दिले नसते, अशा अर्थाचा टोलाही प्राध्यापकांनी हाणला.

पोरानेही बाकी ठेवली नाही. त्याच दिवशी त्याने उत्तर लिहिले. तुम्ही मिनिक्सचे पैसे घेता, मी फुकट देतो. मिनिक्समधील दोषांना तुमची प्राध्यापकी ही काय ती सबब, असा एकंदर सूर होता. त्या वेळी गुरू सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि शिष्य, त्याला शिष्य म्हणता येत असेल तर, बावीस वर्षांचा. दुसऱ्या दिवशी टोरवाल्ड्सने आपल्या सुराबद्दल जाहीर क्षमा मागितली. मुद्दा सोडला नाही. सूर तेवढा मागे घेतला. त्याच वर्षी लिनक्सला स्वतंत्र चर्चागट मिळाला. वेगळ्या चुलीला विरोध करणाऱ्याने वेगळी चूल मांडली, असे म्हणायला हरकत नाही.

या भांडणात कोण जिंकले, असा प्रश्न हमखास विचारला जातो. लिनक्स जगभर पसरली हे उघड आहे. २०१७ च्या नोव्हेंबरपासून जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांच्या यादीत लिनक्सवाचून दुसरे काही उरले नाही. आणि त्याच २०१७ साली असे उघडकीस आले, की इंटेल कंपनी आपल्या चिपांच्या पोटात गुपचूप मिनिक्स वापरत होती. तेव्हा हरले कुणीच नाही. पण मला यातील जय-पराजयापेक्षा नंतरचे दोन प्रसंग अधिक मोलाचे वाटतात.

पहिला प्रसंग २००४ सालचा. एका तरुणाने एकट्याने अशी गोष्ट लिहिणे शक्यच नाही, त्याने मिनिक्समधून चोरी केली असावी, असा आरोप अमेरिकेतील एका संस्थेच्या लेखकाने मांडला. पुरावा मिळवण्यासाठी तो ॲमस्टरडॅमला जाऊन टॅननबाम यांनाही भेटला. जुने उट्टे काढण्याची याहून चांगली संधी कोणती? प्राध्यापकांनी मे महिन्यात जाहीरपणे लिहिले, की लिनक्स टोरवाल्ड्सनेच लिहिली, ती मिनिक्सची नक्कल नाही. त्याच वेळी रचनेविषयीचे आपले मत जराही बदललेले नाही, हेही त्यांनी सांगून टाकले. कामाविषयीचा मतभेद शेवटपर्यंत ठेवायचा आणि माणसाविषयी खोटे बोलू द्यायचे नाही, हे त्यांना साधले. गुणपत्रिकेत कमी गुण देणारा हा मास्तर साक्षीच्या पिंजऱ्यात मुलाच्या बाजूने उभा राहिला.

दुसरा प्रसंग समजण्यासाठी मधली वर्षे पाहावी लागतात. या वर्षांत टोरवाल्ड्स स्वतः घरातला कर्ता पुरुष झाला. जगभरातील हजारो माणसांचे काम तपासून घ्यावे की नाकारावे, याचा शेवटचा शब्द त्याचा. काम नापसंत पडले की तो जी पत्रे लिही, ती वाचवत नाहीत. प्राध्यापकाचा टोला त्यापुढे ओवाळणी वाटावी! २०१३ साली एका सहकाऱ्याने या भाषेवर जाहीर आक्षेप घेतला. मी असाच आहे, खोटी सभ्यता मला जमत नाही, अशा धर्तीचे उत्तर मिळाले. काही गुणी माणसे निघून गेली. कित्येक तर उंबऱ्यावरूनच परतली असतील, आणि त्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात सापडायची नाही.

मग २०१८ साली एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट घडली. प्रमुख कार्यकर्त्यांची वार्षिक बैठक कॅनडात व्हँकूव्हरला ठरली होती. टोरवाल्ड्सने तारखांचा घोळ करून त्याच दिवसांत कुटुंबासह सहलीचा बेत आखला. तुम्ही तुमचे उरका, असे तो म्हणाला, तर मंडळींनी बैठकच उचलून एडिंबरोला नेली. आपल्यावाचून या लोकांचे अडते, आणि तरीही आपण त्यांना टाळू पाहत होतो, हे त्याच्या ध्यानात आले. १६ सप्टेंबर २०१८ रोजी, नव्या आवृत्तीच्या घोषणेच्या पत्रातच, त्याने लिहिले, की आपली पत्रांतील हल्ल्याची भाषा अनुचित होती, ज्यांना आपण दुखावले त्यांची आपण क्षमा मागतो, आणि लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी आपण काही काळ बाजूला होऊन मदत घेणार आहो. कारभार त्याने सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांच्याकडे दिला. त्याच वेळी नवी आचारसंहिता लागू झाली. ऑक्टोबरात तो परतला. त्या वेळी त्याचे वय अठ्ठेचाळीस होते. म्हणजे प्राध्यापक त्याला रागे भरले तेव्हाच्या त्यांच्या वयाएवढेच, जेमतेम वर्षाने अधिक.

या क्षमायाचनेवर त्या वेळी बराच गदारोळ झाला. गोड बोलण्याच्या नादात कामाची कसोटी ढिली होईल, आमच्या वस्तादाने आम्हाला असेच ठोकून काढले म्हणून आम्ही घडलो, असे पुष्कळांनी म्हटले. तालमीत वाढलेल्या माणसाला हा युक्तिवाद ओळखीचा वाटेल. पण त्यात एक गफलत आहे. वस्तादाने डाव शिकवला, चुकलेला पाय दाखवला, पुन्हा पुन्हा जोर काढायला लावले, म्हणून पठ्ठा घडला. शिवी त्याबरोबर फुकट आली. दोन्ही एकाच हातून मिळाल्यामुळे कशाचा गुण आला हे पठ्ठ्याला उमगत नाही, आणि पुढे तो स्वतः वस्ताद झाला की सोपे तेवढे आधी उचलतो. शिवी देणे सोपे आहे. लिनक्सच्या पुढच्या आवृत्त्या नियमाने निघत राहिल्या, नाकारायचे ते नाकारले जातच राहिले. कसोटीला शिवीची गरज नव्हती, एवढे त्यावरून सिद्ध झाले.

मला स्वतःला या गोष्टीचा एक अनुभव आहे. आपल्या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि थोड्याच दिवसांत संगणकविषयक मासिकांबरोबर लिनक्सच्या तबकड्या मिळू लागल्या. त्या काळी लिनक्सवर मराठी जोडाक्षरे नीट उमटत नसत. त्याविषयी एका परदेशी चर्चागटात मी प्रश्न विचारला. पहिले उत्तर आले, आधी जुने निरोप शोध, मग विचार. मी तो नाद सोडून देणार होतो. चार दिवसांनी दुसऱ्या कुणाचे दीड-दोन पानी उत्तर आले. माझी अडचण पुरती सुटली नाही, पण ती कुठे आहे हे कळले, आणि या जगात राहावे असे वाटले. उत्तर लिहिणारा म्हातारा होता की पोरसवदा, हे मला आजही ठाऊक नाही.

हे भांडण संपले असे मात्र कुणी समजू नये. २०२२ च्या डिसेंबरात ‘रस्ट’ नावाच्या नव्या भाषेला लिनक्समध्ये प्रथमच जागा मिळाली. तीस वर्षे ‘सी’ भाषेत संसार केलेल्या जुन्या मंडळींना ही नवी सून पसंत पडेना. २०२४ साली रस्टच्या कामातील एक प्रमुख माणूस या कटकटीला कंटाळून बाहेर पडला. २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा ठिणगी पडली, तेव्हा पंचावन्न वर्षांच्या टोरवाल्ड्सने निवाडा दिला. ज्याला रस्ट नको त्याने तिच्याकडे पाहू नये, त्याच्यावर सक्ती नाही; पण जो पाहणार नाही त्याने इतरांनी ती कशी वापरावी हेही ठरवू नये. निवाडा कडक होता आणि दोन्ही पक्षांना थोडा थोडा झोंबला. त्यात अपमान मात्र कुणाचा नव्हता.

प्रौढपण वयाबरोबर आपोआप येते, असा आपला समज असतो. या इतिहासात तसे दिसत नाही. बावीस वर्षांच्या मुलाने एका रात्रीत जे ओळखून दुसऱ्या दिवशी क्षमा मागितली, तेच त्याला पुढे सत्ता हाती आल्यावर कित्येक वर्षे ओळखता आले नाही. पिढ्यांच्या भांडणात दोन्ही बाजूंची तक्रार बहुधा खरीच असते. नवख्याने पुस्तिका वाचलेली नसते, आणि जुन्याला आपण नवखे असतानाचे दिवस आठवत नसतात. यांतली पहिली उणीव चार दिवसांत भरून निघते. दुसरीसाठी फार वर्षे लागतात.

यंदाच्या दिवाळीतही फराळाची ताटे मांडून झाल्यावर घरोघरची नातवंडे फोन घेऊन बसतील. त्यांतील बहुतेक फोनांच्या पोटात त्या फिनिश पोराच्या छंदातून वाढलेली लिनक्सच काम करीत असते. थोड्या वेळाने आजोबा चष्मा सावरत विचारतील, “अरे, हा फोटो तुझ्या आत्याला कसा पाठवायचा?” गेल्या दिवाळीतही त्यांनी हेच विचारले असेल, आणि काल संध्याकाळीही. या एका बाबतीत किल्ल्या सध्या नातवंडांच्या कमरेला आहेत. त्यांनी काय उत्तर द्यावे हे मी सांगायला नको. मांडीवर बसवून अक्षर न् अक्षर दाखवणाऱ्या माणसाने विचारलेला तो प्रश्न आहे.